मुळा-मुठेच्या दरडीतले अश्मयुग : एक प्रस्तावना

पुण्यात मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, बंडगार्डनचा बंधारा ओलांडतात, मुंढवा-खराडी मागे टाकतात आणि मांजरीला पोचतात. नदीच्या दक्षिणेला मांजरी बुद्रुक, उत्तरेला मांजरी खुर्द. बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. आज मांजरी म्हटले की कुणाला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते, कुणाला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आणि रोज जा-ये करणाऱ्याला रेल्वे फाटकावरची कोंडी. नदी आठवलीच तर जलपर्णीसकट आणि वासासकट. तरीही पावसाळा सरल्यावर या काठाने चालत जावे आणि नुकत्याच ढासळलेल्या दरडीकडे नीट पाहावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दख्खनमधला अश्मयुगीन माणूस आपल्याला जेवढा माहीत आहे, तो बहुतांशी अशाच काठांमुळे.

हे लेखन त्या काठावर पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आहे. तो पुरातत्त्वाचा विद्यार्थी असेल, शाळामास्तर असेल, नदीलगत ज्याची जमीन आहे असा शेतकरी असेल किंवा रविवारी कॅमेरा घेऊन पक्षी बघायला निघालेला कुणी हडपसरकर असेल. हा विषय मुळात हौशी लोकांनीच जन्माला घातला आहे. फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठी अ‍ॅबव्हिल गावी बुशे द पेर्त नावाचा एक जकात अधिकारी होता. नदीच्या खडीतून निघणारे घडवलेले दगड नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर सापडतात, म्हणजे माणूस तितकाच जुना आहे, असे तो सांगत राहिला. १८४७ मध्ये त्याने पुस्तक छापले तेव्हा विद्वानांनी त्याची टर उडवली. १८५९ मध्ये इंग्रज भूवैज्ञानिक स्वतः येऊन दरडी पाहून गेले, तेव्हा कुठे त्याचे म्हणणे मान्य झाले. चार वर्षांनी, ३० मे १८६३ रोजी, मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला भारतातले पहिले पुराश्मयुगीन हत्यार ओळखता आले. महाराष्ट्र फार मागे नव्हता. १८६५ मध्ये पैठणजवळच्या मुंगी गावी, गोदावरीच्या काठच्या हाडे असलेल्या थरात वाइन या भूवैज्ञानिकाला अकिकाचा एक छिलका मिळाला. मोठा शोध म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही, पण आपल्याकडची सुरुवात तीच.

त्यानंतर बराच काळ एक समज चालू राहिला. दख्खनचे पठार काळ्या पाषाणाचे, इथे दक्षिणेसारखा क्वार्टझाइट नाही, तेव्हा इथे आदिमानवाची हातकुऱ्हाड मिळायची नाही. तो समज मोडला तो डेक्कन कॉलेजमुळे. १९३९ मध्ये ही संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी नव्याने उभी राहिली आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया तिथे आले. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या खडीतून निघालेल्या हत्यारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काळ्या पाषाणाच्या मुलखातही पुराश्मयुग आहे हे ठरले. पुढे प्रवरेकाठी नेवासे, तिथून जवळच चिरकी, घोडनदीकाठी इनामगाव, कऱ्हेकाठी मोरगाव, कुकडीकाठी बोरी. नावे वाचत गेले की लक्षात येते, प्रत्येक गावामागे एक नदी आहे. पुणे शहरात दत्तवाडीला मुठेच्या गाळातही अश्मयुगीन हत्यारे मिळाली. शरद राजगुरू यांनी १९७० मध्ये पीएच.डी.चा प्रबंध लिहिला तो मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगाच्या, काळाच्या उत्तरार्धावरच. डेक्कन कॉलेज येरवड्याला, म्हणजे याच नदीच्या वरच्या अंगाला आहे. मांजरीकरांना या विषयाची पंढरी गाठायला लांब जावे लागत नाही.

आता दरड. नवखा माणूस काठावर आला की खाली मान घालून दगड शोधू लागतो. त्याने आधी मान वर करावी, समोरच्या दरडीकडे पाहावे. आपल्या पठारावरच्या नद्यांच्या काठी साधारण असे दिसते. तळाला काळा पाषाण. त्यावर गोट्यांची खडी, कुठे सुटी, तर कुठे चुन्याने इतकी घट्ट धरलेली की हातोडीलाही दाद देत नाही. त्यावर पिवळसर-तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे वेडेवाकडे खडे. सगळ्यात वर काळी माती, ज्यात ऊस उभा असतो. कुठे ही दरड कमरेएवढी, कुठे दोन पुरुष उंच. यातला प्रत्येक थर निराळ्या पाऊसमानात साठला. विश्वास काळे आणि राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांचा हाच इतिहास मांडला. हिमयुगाच्या अखेरीस मोसमी पाऊस दुबळा होता तेव्हा नद्यांनी गाळ टाकला. पुढे पाऊस वाढला तेव्हा त्याच नद्यांनी स्वतःचाच गाळ कापून खोल पात्र केले. आज आपण ज्या दरडीसमोर उभे राहतो ती त्या कापण्यातून तयार झालेली.

यात एक फसगत आहे आणि ती शिकलेल्यांचीही होते. खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम पुस्तकात बरोबर असतो. नदीकाठी तो डोळे झाकून लावता येत नाही. नदीने जुना गाळ कापला, मग त्या कापलेल्या खोलगटात पुन्हा नवी खडी भरली, की नवी खडी जुन्या गाळापेक्षा खालच्या पातळीवर बसते आणि त्याला टेकून राहते. दोन्हींमधली सांधरेषा तिरपी असते, रंगात थोडा फरक असतो, एवढाच पुरावा. ती रेषा दिसली नाही तर दहा हजार वर्षांची वस्तू लाखाची ठरते. म्हणून मी म्हणतो, पहिले काही दौरे एकही दगड उचलू नये. वहीत दरडीचे चित्र काढावे, थरांची उंची टेपने मोजावी, रंग लिहावा, खडीतले गोटे केवढे आहेत ते लिहावे. चित्र वाईट आले तरी चालेल.

दरडी ढासळतात कशा हेही समजून घ्यायला हवे, कारण हत्यारे उघडी पडतात ती त्यामुळेच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगा माणसाच्या हातभर, कधी त्याहून खोल जातात. काठालगत अशी भेग पडली की मातीचा उभा ठोकळा जवळपास सुटाच होतो आणि वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीला खाली येतो. दुसरी वेळ पूर ओसरण्याची. पाणी चढते तेव्हा दरड भिजते, पण समोरच्या पाण्याचा तिला आधार असतो. धरणाचा विसर्ग कमी केला की पाणी भराभर उतरते, आधार जातो, भिजून जड झालेली माती तशीच उभी राहते आणि कोसळते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि त्या दिवशी मुठेतून जे पाणी गेले ते पुढे याच काठांमधून गेले. आता पुराच्या जोडीला माणूसही आहे. वीटभट्टीसाठी काठाची माती जाते, वाळू उपसल्याने पात्र खोल होते आणि दरडीचा पाया सुटतो, शेत सपाट करताना जेसीबी एका दिवसात जुना गाळ खरवडून टाकतो. शहरातल्या नदीकाठ सुधारणेच्या कामात काठ बांधून काढले जात आहेत, आणि बांधलेल्या काठातून काही वाचता येत नाही. पूर निदान थर उघडा करून दाखवतो.

भेगांचा आणखी एक उपद्रव. वरच्या मातीत पडलेला छोटा दगड भेगेतून खाली सरकतो, पावसाळ्यात भेग मिटते आणि तो दगड दोन-तीन फूट खाली, दुसऱ्याच काळाच्या शेजारी जाऊन बसतो. त्यामुळे काळ्या मातीच्या दरडीत एकुलते एक सूक्ष्मास्त्र, म्हणजे नखाएवढे घडवलेले दगडी पाते, मिळाले तर त्यावरून थराचा काळ सांगू नये. दहा-वीस मिळाली, एकाच पातळीवर मिळाली, बरोबर छिलके आणि ते ज्यातून काढले ते गाभेही मिळाले, तर बोलायला जागा आहे.

मग दगड ओळखायचा कसा? हातात घेतलेला दगड निसर्गाने फुटला की माणसाने फोडला, हा या विषयातला पहिला प्रश्न आणि कदाचित शेवटचाही. अकीक, गारगोटी, जास्पर असे बारीक पोताचे दगड आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये तयार होतात. पाषाण झिजला की ते सुटे होऊन नदीत येतात. असा दगड ठोकला की छिलका निघतो. त्याची आतली बाजू उन्हात तिरपी धरा. वरच्या टोकाला, जिथे ठोका बसला, तिथे एक छोटी सपाट जागा दिसेल. तिच्या लगेच खाली किंचित फुगवटा. अंगठा फिरवला तर तो डोळ्याआधी बोटाला कळतो. फुगवट्यापासून खाली मंद वलये गेलेली असतात आणि ती सगळी त्या ठोक्याच्या बिंदूकडेच बोट दाखवतात. पाठीवर आधी निघालेल्या छिलक्यांचे खळगे असतील तर आणखी चांगले. कडेवर एकाच बाजूने, एकामागून एक, बारीक टवके काढलेले दिसले तर कुणीतरी ती कड मुद्दाम घडवली आहे.

काळ्या पाषाणाच्या मोठ्या हत्यारांत हे एवढे स्पष्ट दिसत नाही. हातकुऱ्हाड असो की फरशी (आडव्या धारेचे हत्यार), पाषाण झिजतो, वर तपकिरी पुट चढते, कडा बोथट होतात. त्यातून काळ्या पाषाणाला नैसर्गिकरीत्या पापुद्रे सुटण्याची खोड आहे. ते पापुद्रे छिलक्यासारखे दिसतात आणि नवख्याला वेड लावतात. तिथे पाहायचे ते संपूर्ण आकाराकडे. दोन्ही अंगांनी छिलके काढून, दोन्ही कडा एका टोकाला आणून मिळवलेल्या आहेत का? दगडाचे दोन्ही भाग जवळपास सारखे आहेत का? आणि कडा धारदार आहेत की नदीने घोळून गोल केल्या आहेत? कडा गोल असतील तर हत्यार दुरून वाहत आले आहे आणि ज्या थरात मिळाले त्याहून जुने आहे. कडा ताज्या असतील तर बनवणारा बहुधा जवळच बसला होता. या एका फरकासाठी चिरकीचे नाव घ्यावे लागते. तिथे गुड्रुन कोर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले, तेव्हा पुराश्मयुगीन हत्यारे, छिलके आणि दगड फोडण्याचा कचरा असे सगळे मोठ्या संख्येने एकत्र मिळाले.

मांजरीसारख्या ठिकाणी खोटे पुरावेही भरपूर आहेत, ते आधीच सांगतो. रेल्वेमार्गाखालची खडी, रस्त्याची खडी, क्रशरमधून निघालेला दगड, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा काठावर टाकलेला असतो. क्रशरमध्ये फुटलेल्या दगडालाही फुगवटा येऊ शकतो. मात्र त्याच्या कडा करकरीत, रंग आतून-बाहेरून एकच आणि अंगावर माती-चुन्याचे जुने पुट नाही. आणखी एक गंमत. काडेपेटी यायच्या आधी घराघरात विस्तव पाडायला चकमक होती, आणि चकमकीसाठी गारगोटीच लागे. पोलादावर घासून घासून तिच्या कडेला टवके उडत. अशी गारगोटी शेतात पडली की दोनशे वर्षांपूर्वीचे घरगुती सामान एखाद्याला अश्मयुग वाटते. शंका आली तर एकाच तुकड्यावर विसंबू नये, आजूबाजूला काय आहे ते पाहावे.

बाणाच्या टोकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची पहिली मागणी तीच असते. अमेरिकेत पावसानंतर नांगरलेल्या शेतातून किंवा नदीकाठातून दोन्ही बाजूंनी छिलून काढलेली, बुडाशी खाचा असलेली दगडी टोके वेचण्याचा मोठा छंद आहे. ती छायाचित्रे पाहून आपल्याकडचा माणूस तसाच दगड शोधतो आणि निराश होऊन परततो. दख्खनमध्ये तसे टोक सहसा मिळत नाही. आपल्याकडच्या शिकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. अकिकाच्या छोट्या गाभ्यावरून अरुंद, लांबट पाती काढायची, पात्याचे तुकडे करायचे आणि एका कडेला बारीक टवके काढून ती बोथट करायची. दुसरी कड तशीच धारदार. आकार अर्धचंद्र, त्रिकोण, समलंब असे. लांबी एखाद्या नखाएवढी, कधी त्याहूनही कमी. बोथट कड राळ किंवा डिंक लावून लाकडाच्या खाचेत बसवायची, असे चार-पाच तुकडे ओळीने लावले की बाण होतो किंवा विळा होतो. एक तुकडा मोडला तर तेवढाच बदलायचा, बाण तोच. मला तरी ही युक्ती अमेरिकेतल्या देखण्या टोकांपेक्षा हुशारीची वाटते. देखणे टोक मोडले की सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

पण या सूक्ष्मास्त्रांवरून लगेच ‘मध्याश्मयुग’ असा शिक्का मारू नका. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची मालिका मिळाली. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव काम केलेला कवचाचा तुकडाही मिळाला. त्या काळी खानदेशात शहामृग होते, म्हणजे कोरडी गवताळ राने होती. दुसऱ्या टोकाला इनामगाव, शिरूर तालुक्यातले, १९६८ ते १९८३ इतका काळ चाललेले उत्खनन. तिथले लोक शेती करत, रंगीत मडकी वापरत, त्यांना तांबे माहीत होते. तरी कापायला आणि सोलायला अकिकाचीच पाती. तांबे महाग होते, दगड नदीत फुकट होता. सारांश, सुरीसारखे एक पाते हातात आले तर ते पंचवीस हजार वर्षांपूर्वीचेही असू शकते आणि तीन हजार वर्षांपूर्वीचेही. सोबत खापर मिळते का, राखट पांढरीची माती आहे का, की नुसता नदीचा गाळ आहे, यावर निवाडा होतो.

थर वाचण्यात तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या बोरीचे. कुकडीच्या काठी दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आणि त्याच्या संबंधात पुराश्मयुगीन हत्यारे. राख मिळाली म्हणजे काळ मोजता येईल, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाअखेरीस राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले. नंतरच्या मोजणीत ते साडेसहा-पावणेसात लाखांवर आले. काहींनी म्हटले, ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. म्हणजे एकाच दरडीसाठी ७५ हजार ते १४ लाख असा पल्ला. वाद केवळ प्रयोगशाळेचा नाही. राख आहे तिथेच पडली की नदीने वाहून आणून नंतर साठवली, हत्यारे राखेच्या खाली आहेत की खडीत मिसळली आहेत, हे प्रश्न दरडीसमोर उभे राहूनच सुटतात. पुण्याच्या परिसरातली एखादी नवी, स्वच्छ उघडी पडलेली दरड म्हणूनच मोलाची.

आता आपल्या बाजूने काय करायचे. माझे मत ठाम आहे: पत्ता नसलेल्या सुंदर हातकुऱ्हाडीपेक्षा पत्ता असलेला मोडका छिलका बरा. दगड दिसला की आधी तो जागेवरच असताना फोटो काढा, शेजारी रुपयाचे नाणे ठेवा. मग दोन पावले मागे येऊन सगळ्या दरडीचा फोटो काढा, ज्यात तो दगड कुठे आहे ते दिसेल. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहा. दगड दरडीत घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नका, उकरू तर मुळीच नका. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही आणि १९७२च्या कायद्याने प्राचीन वस्तू परदेशी नेणे बंद आहे. कायद्याचे सोडा, उकरलेला दगड थरातून सुटतो आणि त्याबरोबर आपण जे वाचायला आलो तेच जाते. दगड खाली ढिगात पडलेला असेल तर उचलायला हरकत नाही, पण पिशवीवर तारीख, गट नंबर आणि ‘दरडीखालच्या ढिगात’ हे शब्द लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता तळहातावरचा दगड पाठवून ‘सर, किती जुना?’ असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देऊ शकत नाही, यात माझा उद्धटपणा नाही.

काळजीही घ्या. खाली पोकळ झालेल्या दरडीच्या माथ्यावर उभे राहू नये आणि तिच्या पायथ्याशी बसून तर मुळीच शोधू नये. खडकवासल्यातून विसर्ग वाढवणार असल्याच्या सूचना येतात, त्या दिवशी काठाकडे फिरकू नये. उत्तम काळ म्हणजे पाऊस संपून दरडी वाळू लागतात तो, साधारण अश्विन-कार्तिक. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असेल तर छिलक्याच्या कडा चमकून दिसतात. काठ बहुधा कुणाच्या तरी शेताला लागून असतो, म्हणून आधी त्या घरी जाऊन विचारावे. पुष्कळदा पहिली खरी माहिती तिथेच मिळते, कारण नांगराला काय लागते ते त्यांना माहीत असते.

वाचायला सुरुवात करायची तर सांकळिया आणि म. श्री. माटे यांचे ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ घ्या, आणि इंग्रजी चालत असेल तर दगडी हत्यारांच्या तंत्रावरचे सांकळियांचे १९६४चे छोटे पुस्तक. पण पुस्तकाआधी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन खरी हातकुऱ्हाड आणि खरे अर्धचंद्र पाहून या. आणि मांजरीच्या काठावर काही आढळले तर ते घरच्या शोकेसमध्ये ठेवू नका. फोटो, नोंद आणि जागेचा पत्ता घेऊन डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. पुढच्या पावसाळ्याआधी कळवलेत तर दरड अजून उभी असण्याची शक्यता आहे.